ओहोटीच्या किनाऱ्यावर निकॉन झेड १४-३० एफ/४

समुद्राचे वाइड अँगल फोटो काढायचेत असं म्हटलं की दुकानात पहिला सल्ला ठरलेला असतो: घ्यायचीच तर एफ/२.८ ची लेन्स घ्या (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). मी तो मानला नाही. निकॉनची निक्कोर झेड १४-३० मिमी एफ/४ एस घेतली (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य जास्त रुंद) आणि ती खाऱ्या वाऱ्यात, वाळूत, शेवाळलेल्या कातळांवर भरपूर वापरली. लेन्स फारच चांगली आहे. पण तिच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक विटांच्या भिंतीचे फोटो काढून आणि कोपरे तपासून लिहिलेलं असतं. भरती-ओहोटीचा किनारा लेन्सकडून वेगळ्या गोष्टी मागतो, आणि त्या कुणी लिहीत नाही म्हणून हा अभिप्राय लांबणार आहे.

मी चिपळूणला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. शनिवारी तास संपले की गुहागरची वाट धरते, रस्ता साधारण ४५ किलोमीटरचा. कॅमेरा निकॉन झेड५. सगळं सामान एका सॅकमध्ये मावलंच पाहिजे, कारण हेदवी असो की हरिहरेश्वर, शेवटचा टप्पा खडकांवरून पायी जायचा असतो आणि एक हात आधाराला मोकळा लागतो.

म्हणून आधी वजन. ही लेन्स ४८५ ग्रॅमची. निकॉनचीच झेड १४-२४ एफ/२.८ एस ६५० ग्रॅमची. या दीडपावणेदोनशे ग्रॅमसाठी कुणी निर्णय बदलू नये, पण फिल्टरसाठी जरूर बदलावा. १४-२४ ला पेचाचा फिल्टर लावायचा तर तो हूडवर, म्हणजे लेन्सपुढच्या ऊन अडवणाऱ्या कडीवर लागतो आणि त्याचा व्यास ११२ मिमी. असा फिल्टर महाग, आणि आपल्याकडे तो सहज मिळतही नाही. त्याआधीची, २००७ सालची, निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या कॅमेऱ्यांवर बसणारी १४-२४ तर पुढची काच फुगीर असल्यामुळे पेचाचा फिल्टर घेतच नव्हती. त्यासाठी भलामोठा चौकोनी होल्डर वागवावा लागे. जानेवारी २०१९ मध्ये १४-३० जाहीर झाली तेव्हा तिचं वेगळेपण हेच होतं की फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) १४ मिमीपासून सुरू होऊनही ती साधा ८२ मिमीचा फिल्टर घेते. समुद्रावर फिल्टरशिवाय निम्मं काम अडतं, त्यामुळे माझ्या दृष्टीने निर्णय इथेच झाला होता.

आणि एफ/२.८ किनाऱ्यावर लागतं कधी? कॅमेरा ट्रायपॉडवर असतो. पायाशी असलेल्या शिंपल्यापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट हवं असतं, त्यामुळे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/८ ते एफ/११ वर ठेवावं लागतं. १४ मिमीला एफ/११ वर साधारण साठ सेंटिमीटर अंतरावर फोकस केला की तीस सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले नाहीत, म्हणून मी हातभर अंतरावरच्या एखाद्या खडकावर फोकस करते आणि लगेच मॅन्युअलवर टाकते. त्यासाठी लेन्सच्या बाजूला खटका आहे, मेन्यूत शिरावं लागत नाही. ओल्या बोटांनी मेन्यू चाळणं नको वाटतं, तिथे हा खटका फार मोलाचा.

ही लेन्स २८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि झूमच्या कुठल्याही टोकाला जाते. हे अंतर कॅमेऱ्यातल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासूनचं; पुढच्या काचेपासून मोजलं तर जेमतेम वीतभर. वाइड अँगलमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. बरेच जण वाइड लेन्स घेतात ती ‘सगळं मावावं’ म्हणून. मग किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढतात आणि फोटोत खाली रिकामी वाळू, वर रिकामं आभाळ आणि मधे समुद्राची बारीक पट्टी येते. वाइड लेन्स घेऊन वाकायला हवं. एखादी छोटी वस्तू इतकी जवळ घ्यायची की ती फोटोचा खालचा तिसरा भाग व्यापेल, आणि मग मागचा समुद्र तिच्यामागे पसरेल.

गुहागरच्या पुळणीवर ओहोटी लागली की तासाभरात ओल्या वाळूत बारीक खेकडे बाहेर येतात. सेंटिमीटरभराचा खेकडा, त्याचं बीळ, आणि बिळाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांच्या रांगा. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाद्य वेगळं करतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. मागे टाकत टाकत तो बिळापासून सरळ रेषेत पुढे जातो, परत येतो, शेजारून दुसरी रेषा सुरू करतो. तासाभरात बिळापासून चहूकडे फुटलेल्या रेषांचं पूर्ण चक्र तयार होतं. जवळ गेलात की तो आत पळतो, पण पाच-सात मिनिटं हललं नाही तर पुन्हा वर येऊन कामाला लागतो. कॅमेरा वाळूपासून वीतभर उंच ठेवायचा, झेड५ चा स्क्रीन वर उघडायचा, लेन्स १६ मिमीला. सूर्य समोर खाली आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक गोळीची सावली कॅमेऱ्याकडे पडते आणि सपाट वाळूला उठाव येतो. रेषा धावत पाण्याकडे जातात, कडेला सुरूची झाडं. पुढच्या भरतीत ते सगळं पुसलं जातं, त्यामुळे तीच चौकट दुसऱ्यांदा मिळत नाही. मला या किनाऱ्यावरचा सर्वांत सुंदर विषय हाच वाटतो, आणि लेन्स तितकी जवळ गेली नसती तर तो हातातून गेला असता.

आता वेळेबद्दल, कारण लेन्स कितीही चांगली असली तरी पाणी कुठे आहे त्यावर फोटो ठरतो. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. यामागे सरळ भूगोल आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही त्याच्यामागे तेवढीच सरकते. पाऊण तास हा तोंडी हिशेबासाठी सोपा केलेला आकडा. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाते, म्हणून रत्नागिरीकडची वेळ मुंबईच्या थोडी आधी असते. पाण्याची चढ-उतारही उत्तरेकडे वाढत जाते: गोव्याला उधाणात जेमतेम दोन मीटर, मुंबईत पाच मीटरच्या जवळ, आणि खंबातच्या आखातात त्याच्या दुपटीने. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, ती पाहावीत. पण शनिवारी जावं की नाही हे ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

या हिशेबातून फोटो काढणाऱ्याच्या फार कामाची गोष्ट निघते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे सगळ्यात खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या आसपास. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे ज्या दिवशी पाणी सर्वांत लांब जातं, त्याच दिवशी ते नेमकं सूर्यास्ताच्या वेळी लांब गेलेलं असतं. कातळ उघडे, त्यांच्यातल्या डबक्यांत आभाळ, ओल्या वाळूचा आरसा झालेला. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या पुढे जातो, तेव्हा पौर्णिमेऐवजी प्रतिपदा धरायची, की ओहोटीही सातच्या जवळ येते. उधाणाची वेळ प्रत्येक किनाऱ्याची आपापली ठरलेली असते. आपल्या किनाऱ्याला ती अशी मिळाली आहे याचा मला खरोखर आनंद वाटतो. १४ ते २० मिमीचं काम या दोन-तीन दिवसांत. अष्टमीला उलट. संध्याकाळी सहाला पाणी वर, पुळण अरुंद, पुढ्यात घ्यायला काही उरत नाही. त्या दिवशी मी लेन्स २८-३० वर ठेवून लाटांच्या रेषा आणि किनाऱ्याचं वळण टिपते.

हेदवीची बामणघळ मात्र या सोयीला जुमानत नाही. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात समुद्राने कोरलेली लांब, अरुंद भेग आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, आत कोंडतं आणि उंच उसळतं. उसळी मोठी हवी तर उधाणाची भरती हवी, आणि ती येते दुपारी बाराच्या आगेमागे नाहीतर मध्यरात्री. म्हणजे सर्वांत मोठी उसळी आणि सर्वांत वाईट ऊन एकदम. यावर दोन उपाय मला सापडले. एक, षष्ठी-सप्तमी: भरती साडेचार-सव्वापाचला, जोर कमी असतो पण ऊन तिरपं आणि उबदार. दुसरा, ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग असलेली पौर्णिमा किंवा अमावास्या. ढगांमुळे भर दुपारीही प्रकाश मऊ असतो, कातळ काळाभोर दिसतो आणि पांढरं पाणी त्यावर उठून दिसतं.

या घळीपाशी १४ मिमीची खरी किंमत कळते. मागे सरायला जागा नाही, आणि भेगेची पूर्ण लांबी, दोन्ही भिंती आणि वर उडालेलं पाणी एका चौकटीत हवं असतं. १४ मिमीचा कोन ११४ अंशांचा, १७ मिमीचा सुमारे १०४. दहा अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. घळीपाशी त्या दहा अंशांत एक अख्खी भिंत येते. खरेदीआधी मी निकॉनच्या १७-२८ एफ/२.८ कडेही गंभीरपणे पाहिलं होतं. ती ४५० ग्रॅमची आहे, ६७ मिमीचे स्वस्त फिल्टर घेते, १७ ला १९ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि झूम करताना तिची लांबी बदलत नाही. खेकड्यांच्या नक्षीसाठी ती कदाचित जास्त चांगली. बामणघळीसाठी मी १४-३० घेतली, असं म्हटलं तरी चालेल.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वाइड लेन्स माणसाला पाण्याजवळ ओढते. स्क्रीनवर सगळं लांब दिसतं, लाट दूर वाटते, म्हणून पाय आणखी पुढे पडतात. ओहोटीनंतर पाणी फिरलं की पहिल्या तासात ते फारसं चढत नाही, म्हणून निर्धास्त वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढाचा निम्मा भाग चढून जातो. आणि ते समोरून येत नाही. हेदवीला खडकांवर कालवं काढणाऱ्या एका मावशींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: “मॅडम, त्या तुकड्यावर नका जाऊ, पानी मागनं येतं.” त्या दाखवत होत्या तो खडक पुढे उंच होता आणि त्याच्यामागे ढोपरभर खोल चर होती. आधी चर भरते, मग खडकाचं बेट होतं, आणि कॅमेऱ्यात डोकावणाऱ्याचं तोंड समुद्राकडे असतं. त्या उभ्या होत्या त्या वाटेनेच मी आजही जाते. कुठेही ट्रायपॉड लावण्याआधी मागे वळून परतीची वाट कोरडी आहे का ते पाहायचं, आणि ओहोटी संपल्यावर तासाभरात खडक सोडायचे. जून ते सप्टेंबर घळीजवळ जाऊच नये. पावसाळ्याबाहेरही दूरच्या वादळाने मोठ्या लाटा येतात. तसा इशारा हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देतं. निघण्याआधी तो पाहावा. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून थेट लाटांनी कापलेल्या कातळाच्या सपाटीवर जाते. त्या खडकावरची खळग्याखळग्यांची जाळी १४ मिमीला अप्रतिम दिसते, पण ती वाट ओहोटीचीच.

फिल्टर आणि शटरबद्दल माझी मतं ठाम आहेत. १० स्टॉपचा, म्हणजे हजारपट प्रकाश अडवणारा एनडी लावून दोन मिनिटं शटर उघडं ठेवलं की समुद्राचं धुकं होतं. असे फोटो खूप आवडतात लोकांना. मला नाही आवडत. पाणी येतंय की जातंय, भरती आहे की ओहोटी, काहीच कळत नाही. असा फोटो तळ्याचाही असू शकतो. मी वापरते तो ३ स्टॉपचा, आठपट प्रकाश अडवणारा. सूर्यास्ताच्या आधी एफ/११ आणि आयएसओ १०० वर १/३० सेकंद येत असेल तर तो लावून १/४ मिळतं. फुटलेली लाट परत फिरते, वाळूवरून आणि गोट्यांमधून फेसाचे धागे ओढत जाते, तेव्हा १/४ ते १/२ सेकंदात ते धागे सुटेसुटे दिसतात. शटर लाट येताना दाबायचं नाही. ती थांबून मागे वळली की दाबायचं. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर काढून टाकला तरी तोच वेग मिळतो.

पोलरायझर, म्हणजे चकाकी आणि प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर, या लेन्सवर जपून वापरावा. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आभाळावर त्याचा सर्वांत जास्त परिणाम होतो, आणि ११४ अंशांत आभाळाचा गडद भाग आणि फिका भाग दोन्ही येतात, मधे निळा डाग पडल्यासारखं दिसतं. ओल्या वाळूवरचं प्रतिबिंबही तो खातो, ज्यासाठी आपण आलेलो असतो. ढगाळ दिवशी आभाळ न घेता शेवाळाचे हिरवे खडक टिपायचे असतील तर मात्र तो लावावा, रंग दाट येतात. चौकोनी ग्रॅज्युएटेड फिल्टर (उजळ आभाळासाठी वरचा अर्धा भाग गडद असलेला) समुद्रावर डोंगरापेक्षा चांगला चालतो, कारण क्षितिज सरळ असतं. काचेची कड नेमकी त्यावर बसवता येते. आभाळ-पाणी वेगवेगळ्या एक्स्पोजरने काढून नंतर जोडायचं म्हटलं तर लाटा दोन फोटोंत जुळत नाहीत, म्हणून मला हा जुना उपाय बरा वाटतो.

ट्रायपॉडबद्दल थोडक्यात. वाळूत प्रत्येक लाटेबरोबर पाय खचतात. आधीच ते दाबून खोल रोवायचे, एक-दोन लाटा जाऊ द्यायच्या, मग फोटो. पाय लांबवताना सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढायचा, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आलंच.

चित्राच्या दर्जाबद्दल. मधला भाग एफ/५.६ लाच उत्तम, एफ/८ ला कोपरेही भरवशाचे. १४ मिमीला लेन्सची मूळ गोलाई बरीच आहे, पण ती कॅमेऱ्यात आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल उघडणाऱ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप दुरुस्त होते, आणि निकॉनने लेन्स ते गृहीत धरूनच बनवली आहे. समुद्राचं क्षितिज ही या दुरुस्तीची सर्वांत कडक परीक्षा. क्षितिज वरच्या कडेला नेऊन ठेवलं तरी मला ते सरळच मिळालं. दुरुस्त होत नाही ती वाइड अँगलची भूमिती: कडेला उभा असलेला माणूस रुंद होतो, कॅमेरा खाली झुकवला की माड आणि दीपमाळ बाहेर झुकतात. आणि दूरची वस्तू फार लहान होते. राजपुरीच्या बाजूने १४ मिमीला जंजिरा टिपला तर किल्ल्याची नुसती काळी रेघ येते. त्याला ३० मिमीही कमी. म्हणून माझे निम्म्याहून जास्त फोटो १८ ते २२ च्या दरम्यानचे आहेत. हातात झूम असण्याचा हा फायदा, कारण समुद्रावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर मिठाचे तुषार घेणं.

सूर्य चौकटीत असेल तर एफ/१६ ला सात पात्यांचं छिद्र चौदा टोकांचा नेटका तारा देतं. कातळाच्या कडेने सूर्य अर्धा झाकला की तो आणखी धारदार येतो. काचेवर समुद्राच्या पाण्याचा एक थेंब असला तरी अशा फोटोत त्याचा मोठा धुरकट डाग पडतो, म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी काच तपासायची सवय लावून घ्यावी.

खाऱ्या तुषारांनी भरलेली काच कोरड्या कापडाने कधीही पुसू नये, मिठाचे स्फटिक काचेवर घासले जातात. आधी हवेच्या फुग्याने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं हलकेच फिरवायचं, शेवटी दुसरं कोरडं. मी पिण्याच्या पाण्याची छोटी बाटली यासाठी वेगळी ठेवते. लेन्स बंद करताना नळी आत जाते, वापरताना झूमची कडी फिरवून बाहेर काढावी लागते. तशी काढली नाही तर कॅमेरा फोटोच घेत नाही. सांध्यांना सील आहेत, पण बाहेर आलेल्या नळीवर वाळू असताना ती आत ढकलू नये. आधी फडक्याने पुसायची, मग बंद करायची.

खरा शत्रू घरी असतो. कोकणात जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि तिने काचेवरचा लेप खाल्ला की तो भरून येत नाही. कातडी पाऊच आणि लेन्ससोबत येणारी कापडी पिशवी पावसाळ्यात मुळीच वापरू नये, दोन्ही ओल धरतात. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवावं. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक. जेल रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. कढई मात्र स्वयंपाकाची नको.

ही लेन्स कुणी घेऊ नये तेही सांगते. रात्रीच्या आभाळासाठी किंवा हिवाळ्यात लाटांवर कधीकधी दिसणाऱ्या निळ्या चमकेसाठी एफ/४ अपुरं पडतं. तिथे २० मिमी एफ/१.८ चा प्रकाश जवळजवळ पाचपट. झेड५०, झेड३० सारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स २१-४५ सारखी वागते, मग पैसे कशाला घालवायचे. त्या कॅमेऱ्यांसाठी निकॉनची १२-२८ आहे, २०५ ग्रॅमची, ६७ मिमीचा फिल्टर घेणारी. आणि ज्यांना घरगुती समारंभ आणि समुद्र दोन्हीसाठी एकच लेन्स हवी आहे त्यांनी १७-२८ पाहावी. शंका असेल तर पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. अमावास्येला धरून दोन दिवसांसाठी आणा आणि संध्याकाळची ओहोटी गाठा, त्या एका संध्याकाळी उत्तर मिळेल.

सेकंडहँड घ्यायची असेल तर तीन गोष्टी तपासा. नळी उघडताना-मिटताना करकर ऐकू आली तर आत वाळू आहे, ती सोडून द्या. फिल्टरच्या पेचात आपला ८२ मिमीचा फिल्टर स्वतः लावून पाहा. लेन्स आपटलेली असेल तर तो तिरका बसतो. शेवटी मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि पुढून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर बुरशी आहे, आणि विकणारा ‘साफ करून देतो’ म्हणाला तरी ती घेऊ नका.